झाकली मूठ

कोचिंग लावलंय म्हणून सांगितल्यावर अण्णांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "नातीला का तुला?"

मला, म्हटलं. पलीकडून काही वेळ फक्त पंख्याचा आवाज. आम्ही लातूरकडचे. आमच्याकडे कोचिंग म्हणजे क्लास, बारावीचं वर्ष, भाड्याची खोली, मेसचा डबा आणि फीचे हप्ते. चाकणच्या कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर असलेल्या त्रेचाळीस वर्षांच्या पोराला कंपनी स्वतःच्या खर्चानं क्लास लावते, म्हणजे पोरगं कुठंतरी नापास झालंय हे त्यांनी लगेच ताडलं. "कशात राहिलास?" असं विचारलंही. मी हसण्यावारी नेलं, कारण तेव्हा मलाही ते नीट माहीत नव्हतं.

ही जुलै २०२४ ची गोष्ट. पुढचे सहा महिने, पंधरा दिवसांतून एकदा दीड तास, असा बारा वेळा मी एका बाईंसमोर बसलो. कंपनीनं नेमलेल्या कोच त्या; प्रश्न विचारून माणसाला स्वतःच्या वागण्याकडे बघायला लावणं हे त्यांचं काम. मी त्यांना मॅडम म्हणायचो, इथेही तेच म्हणतो. साठीच्या, आधी वीसेक वर्षं वाळूजच्या कारखान्यांतून एचआरचं काम केलेल्या, कॉटनची साडी, पायात स्पोर्ट्स शूज. कँटीनच्या वरच्या ट्रेनिंग रूममध्ये आम्ही बसायचो. साडेअकराला खालून फोडणीचा वास यायला लागला की सेशनचा अर्धा वेळ संपला असं समजायचं.

आमचा कारखाना दुचाकीच्या ब्रेकमध्ये बसणारी ॲल्युमिनियमची हाउसिंग बनवतो. तीन शिफ्ट, गुरुवारी सुट्टी. २००२ साली पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन मी भोसरीत ट्रेनी म्हणून लागलो आणि तिथून सरकत सरकत चाकणला आलो. माझी ख्याती एकच: डिस्पॅच चुकत नाही. गणपतीत रस्ते बंद असोत, मार्चएंड असो, तळेगाव चौकात ट्रक चार तास अडकलेला असो, माल पोचणार. त्यासाठी मी सलग छत्तीस तास प्लँटमध्ये काढलेले आहेत आणि ते लोकांना सांगतही आलो आहे. भोसरीतल्या माझ्या पहिल्या फोरमननं मला एक गोष्ट शिकवली होती: अडचण वर सांगायची ती उपाय हातात आल्यावरच, तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची. या एका म्हणीवर मी वीस वर्षं नोकरी केली.

मॅडम येण्याआधी एक फॉर्म सगळ्यांना गेला होता. थ्री-सिक्स्टी म्हणतात त्याला. वरचे साहेब, बरोबरीचे मॅनेजर आणि हाताखालचे लोक, सगळे तुम्हाला मार्क देतात, नाव न लिहिता. तुम्ही स्वतःलाही देता. 'समोरच्याचं पूर्ण ऐकून घेतात' या ओळीला मी स्वतःला पाचापैकी चार दिले होते. माझ्या माणसांची सरासरी आली एक पूर्णांक आठ. खाली एकानं टाइप केलं होतं, "सर कामाला वाघ आहेत. पण गुहेत जाणार कोण?"

खोटं कशाला बोलू, पहिला आठवडा मी हे कुणी लिहिलं ते शोधण्यात घालवला. असं चटकदार मराठी लिहिणारा आमच्यात कोण? स्टोअरवाला गणेश मंडळाचं निवेदन करतो, त्याच्यावर संशय. मेंटेनन्सचा एक जण व्हॉट्सॲपवर चारोळ्या टाकतो, त्याच्यावरही. मॅडमना मी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांनी विचारलं, "सापडला तर काय करणार?" मी गप्प.

दुसरा शोध मी मॅडमचाच घेतला. आजकाल शनिवार-रविवारचा कोर्स करून सोमवारी कोचचं कार्ड छापणारे ढिगानं आहेत, आणि आपल्याकडे या धंद्याला कुठलं सरकारी लायसन्स लागत नाही. घरात पंखा दुरुस्त करायला बोलावलेल्या माणसाची आपण जास्त चौकशी करतो. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन म्हणून १९९५ पासूनची एक संस्था आहे, तिच्या तीन पायऱ्या आहेत. पहिलीला शंभर तासांच्या कोचिंगचा अनुभव लागतो, दुसरीला पाचशे, तिसरीला अडीच हजार. मॅडम मधल्या पायरीवर होत्या. त्या ज्या क्रमानं प्रश्न विचारत तोही सापडला: काय हवंय, सध्या काय आहे, कोणकोणते रस्ते आहेत, आणि यातलं नक्की काय करणार. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात जॉन व्हिटमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा क्रम रुजवला. हे व्हिटमोर आधी गाड्यांच्या शर्यती मारायचे, १९६५ ची युरोपियन टूरिंग कार चॅम्पियनशिप जिंकलेले. हे वाचून मला जरा बरं वाटलं. निदान माणूस आपल्या लाइनीतला.

सुरुवातीला तिघांची बैठक झाली: साहेब, मी, मॅडम. साहेबांना दोन गोष्टी हव्या होत्या. माझा राग आवरावा, आणि माझ्याखाली दुसरी फळी तयार व्हावी. मॅडमनी तिथंच स्पष्ट केलं की खोलीत जे बोललं जाईल ते साहेबांना कळणार नाही; कळेल ते फक्त किती सेशन झाली आणि ठरलेल्या दोन गोष्टींचं पुढं काय झालं. साहेब म्हणाले, हो हो, अर्थात. मला तेव्हा त्यावर काडीचा विश्वास नव्हता.

पहिल्या सेशनला त्यांनी विचारलं, "तुम्हाला शेवटची वाईट बातमी कुणी दिली?"

"कामातली?"

"कामातलीच."

आठवेना. मी खुर्चीत मागे रेललो आणि म्हणालो, "माझ्यापर्यंत वाईट बातम्या येतच नाहीत. पोरं खालच्या खाली निस्तरतात."

त्यांनी ते वाक्य वहीत जसंच्या तसं लिहिलं, वही माझ्याकडे वळवली आणि गप्प बसल्या. मला वाटलं पुढचा प्रश्न येईल. येईना. खाली कुणीतरी पातेलं घासत होतं. मी वाक्य दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना मला आमच्या लाइनीवरचे दिवे आठवले.

टोयोटाच्या कारखान्यात लाइनीवर एक दोरी असते. काही बिघडलं असं वाटलं की कुठल्याही कामगारानं ती ओढायची, दिवा लागतो, लीडर धावत येतो, आणि गोष्ट तेवढ्यात सुटली नाही तर लाइन थांबते. ओढणाऱ्याला कुणी रागावत नाही. जगभरच्या गाडीवाल्यांनी ती कल्पना उचलली. आमच्याकडेही प्रत्येक मशीनवर अँडनचा खांब आहे, हिरवा-पिवळा-लाल, आणि एक बटण. ऑडिटरला दाखवताना मी स्वतः दाबून दाखवतो. एरवी लाल दिवा महिनोन् महिने लागत नसे आणि त्याचा मला अभिमान होता. लाल दिवा लागला की मी यायचो, आणि मी आलो की काय व्हायचं ते सगळ्यांना माहीत होतं.

हे मी मॅडमना सांगितलं नाही त्या दिवशी. घरी जाताना मोशीच्या ट्रॅफिकमध्ये स्वतःलाच सांगितलं.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत ऑगस्ट २०२२ चं प्रकरण निघालं. मीच काढलं, माझी बाजू म्हणून. एका रात्री एका मशीनवर हाउसिंगचं भोक मोठं झालं, मापाच्या वरच्या मर्यादेपेक्षा बारा मायक्रॉननं, म्हणजे मिलिमीटरच्या बारा हजारांशानं. एका लॉटमधले नग तसेच पुढे गेले, ग्राहकाच्या लाइनीवर सापडले, त्यांची लाइन थांबली, डेबिट नोट, म्हणजे नुकसानीची वसुली, आली. मशीनवर किनवटकडचा एक पोरगा होता, सात-आठ महिने झालेले. भोक मोजायच्या एअर गेजचं मास्टरिंग, म्हणजे ठरलेल्या मापाची रिंग लावून गेज बरोबर दाखवतंय ना ते बघणं, न करताच त्यानं नग मोजले होते. शिफ्ट बदलताना दोन्ही शिफ्टच्या माणसांसमोर मी त्याला सोलून काढला. तिसऱ्या दिवसापासून तो यायचा बंद झाला. एट-डी रिपोर्ट मी लिहिला. हा आठ पायऱ्यांचा रिपोर्ट फोर्डनं १९८७ मध्ये रुळवला, आता आमच्या धंद्यात तक्रार आली की तो भरावाच लागतो. मूळ कारणाच्या रकान्यात 'ऑपरेटरचे दुर्लक्ष' लिहिलं, उपायाच्या रकान्यात 'ऑपरेटरला प्रशिक्षण'. ग्राहकानं आठवड्यात क्लोज केला.

"तुम्हाला कसं कळलं, त्यानं मास्टरिंग केलं नव्हतं?"

"शीटवर सही नव्हती."

"आणि तो काय म्हणाला?"

मी आठवायचा प्रयत्न केला. तो बोलल्याचं आठवतच नव्हतं. खाली मान घालून उभा होता, सेफ्टी शूजच्या टोकाकडे बघत.

"त्याला कधी फोन केलात?"

"मॅडम, तो गेला दोन वर्षांपूर्वी."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, पण या वेळी वही वळवली नाही. हा प्रश्न त्यांनी पुढच्या सहा महिन्यांत आणखी तीन वेळा विचारला. उपदेश एकदाही केला नाही, नुसतं, "त्या पोराला फोन झाला का?" जसं आई विचारते, गॅस बुक केलास का.

रागाच्या बाबतीत मी त्यांना सरळ विचारलं होतं, काहीतरी टेक्निक द्या. त्यांनी उलट विचारलं, राग आलाय हे शरीरात पहिल्यांदा कुठे कळतं? मला प्रश्नच विचित्र वाटला. पंधरा दिवस लक्ष ठेवलं तेव्हा कळलं: कान. आधी कान गरम होतात, मग आवाज चढतो. दोन्हींमध्ये फार तर दोन-तीन सेकंद. आणि कानाचं आमच्याकडे एक साधन असतंच. शॉप फ्लोअरवर आवाज फार, म्हणून सगळ्यांच्या खिशात फोमचे नारिंगी इअरप्लग असतात. तो बोटांत चोळून बारीक वळायचा, कानात घालायचा, मग तो सावकाश फुगतो. मी एक जादाचा प्लग पॅंटच्या खिशात ठेवायला लागलो. कान तापले की खिशात हात घालून तो चुरगळायचा, सोडायचा, आणि तळहातावर पूर्ण फुगल्याचं कळेपर्यंत तोंड उघडायचं नाही. अर्धा मिनिट तरी लागतं. शॉप फ्लोअरवर समोर माणूस उभा असताना अर्धा मिनिट म्हणजे किती मोठा काळ असतो ते करून बघावं. समोरचा सुरुवातीला घाबरतो. मग बोलायला लागतो. आणि दहा वेळांतल्या सात वेळा त्या अर्ध्या मिनिटात तो असं काही सांगतो जे मला माहीतच नसतं.

सोबत दुसरा गृहपाठ होता. छोट्या डायरीत, मी कुणाचं वाक्य मध्येच तोडलं की एक रेघ. पहिल्या दिवशी सकाळच्या मीटिंगपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत तेवीस रेघा झाल्या, आणि तेही मी सावध असताना. बायकोनं डायरी पाहिली, काय आहे विचारलं, मी सांगू लागलो. ती म्हणाली, "रविवारी घरी पण आण ती." मी म्हटलं, घरी मी कुठं… आणि तिनं माझ्या हातून पेन घेऊन एक रेघ मारली.

गुरुवारचा प्रयोग सर्वांत अवघड गेला. गुरुवारी प्लँट बंद, पण मेंटेनन्स, ओव्हरटाइमचं थोडं उत्पादन आणि साठलेलं रीवर्क चालू असतं. मी जायचोच. न गेलो तर दर अर्ध्या तासाला फोन. मॅडमनी विचारलं, तुम्ही चिवट आहात म्हणता, मग तुमचा प्लँट चिवट आहे का? एक गुरुवार तुमच्याशिवाय उभा राहील? मी म्हटलं राहील. मग ठरलं, एक गुरुवार फोन बंद. सप्टेंबरात मी घरच्यांना घेऊन पुरंदरला गेलो. फोन गाडीच्या डिकीत. पाऊस, धुकं, मुलगी पायऱ्यांवरून पुढे पळतेय, आणि माझ्या मांडीला फोन थरथरल्याचा भास होतोय. खिशात फोन नाही हे माहीत असूनही पाच-सहा वेळा हात गेला.

संध्याकाळी फोन चालू केला. दुसऱ्या शिफ्टच्या सेटरनं, म्हणजे मशीनचं माप जुळवणाऱ्या पोरानं, एका मशीनच्या स्पिंडलचा आवाज बदलला म्हणून मशीन बंद करून ठेवलं होतं. तीन तास. मी असतो तर दीड तासात सुरू केलं असतं, आजही माझं तेच मत आहे. बेअरिंग एवढं वाईट नव्हतं. पण त्यानं मशीन थांबवलं, टॅग लावला, मेंटेनन्सला बोलावलं, वहीत वेळ टाकली आणि मला एकही फोन केला नाही. तो पोरगा चार वर्षं माझ्या हाताखाली आहे आणि मी त्याला कधी एकट्यानं निर्णय घेताना पाहिलंच नव्हतं. पाहणार कसा, मी कायम तिथं होतो.

ऑक्टोबर उजाडला आणि आकडे बिघडले. रिजेक्शनचा, म्हणजे बाद मालाचा, तक्ता बघून साहेबांनी बोलावलं. मागच्या तीन महिन्यांच्या दुपटीच्या वर. "तुझं ते कोचिंग चालू झाल्यापासून चढतंय," साहेब हसत म्हणाले, पण नुसतं हसत नव्हते. मीही घाबरलो. आपण सैल सोडलं आणि पोरं मोकाट सुटली, असंच वाटलं. त्या आठवड्यात मी दोन रात्री प्लँटमध्ये काढल्या.

मॅडम सहसा गोष्टी सांगत नसत, तो त्यांचा स्वभाव नव्हता आणि बहुधा त्यांच्या धंद्याचा नियमही. पण त्या दिवशी एक सांगितली. अमेरिकेत १९९० च्या दशकात एमी एडमंडसन नावाच्या संशोधक बाई रुग्णालयांमध्ये औषध देताना होणाऱ्या चुका अभ्यासत होत्या. त्यांना वाटलं होतं, जिथं टीम चांगली तिथं चुका कमी निघतील. आकडे आले उलटे. चांगल्या टीमच्या नावावर जास्त चुका. बाई चक्रावल्या. मग खोलात गेल्यावर लक्षात आलं की चांगल्या टीमच्या नर्सेस चुका जास्त करत नव्हत्या, उघड बोलत जास्त होत्या. बाकीच्या वॉर्डांत चुका होत होत्या, कागदावर येत नव्हत्या.

मी खाली उतरलो ते सरळ लाल ट्रॉलीकडे. रिजेक्ट माल लाल ट्रॉलीत ठेवतात. तिथं प्रत्येक नगाला टॅग होता, टॅगवर वेळ होती, कारण होतं. पूर्वी ट्रॉलीत माल कमी असायचा हे खरं, पण भंगाराचं वजन दर महिन्याला आमच्या हिशेबापेक्षा जास्त भरायचं आणि आम्ही ते चिपच्या, म्हणजे कापताना निघणाऱ्या किसाच्या, खाती घालायचो. मी स्टोअरमधून सहा महिन्यांच्या भंगाराच्या पावत्या काढल्या. वजन जवळपास तेवढंच होतं. नग आधीही तेवढेच जात होते. लपून जात होते. साहेबांसमोर पावत्या आणि तक्ता शेजारी शेजारी ठेवले. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हे आत्ताच्या आत्ता एमडींना दाखवू नकोस." म्हणजे झाकली मूठ फक्त माझीच नव्हती तर.

माझी गाडी मात्र सरळ चालली असं समजू नका. नोव्हेंबरच्या महिनाअखेरीला, तीन ट्रक उभे, लेबल प्रिंटर बंद, आणि क्वालिटीतल्या ताईंनी एक पॅलेट अडवून धरलं. इअरप्लग खिशात होता. हात खिशात गेलाच नाही. मी त्यांना, माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या बाईंना, लोडिंग बेवर सगळ्यांसमोर नको ते बोललो. त्यांनी पॅलेट सोडलं नाही. पॅलेटवर खरंच दोन मॉडेलचा माल मिसळलेला होता.

सेशनमध्ये मी म्हणालो, माफी मागितली मी, केबिनमध्ये बोलावून. मॅडमनी विचारलं, "बोललात कुठं?" लोडिंग बेवर. "आणि माफी केबिनमध्ये."

दुसऱ्या दिवशी सव्वातीनला, शिफ्ट बदलताना, बावीस-तेवीस माणसं उभी असताना मी ताईंचं नाव घेऊन सांगितलं की परवा मी जे बोललो ते चुकीचं होतं, त्या बरोबर होत्या, मी त्यांची माफी मागतो. मागे फोर्कलिफ्टचा रिव्हर्स हॉर्न चालू होता म्हणून मला अर्धं वाक्य पुन्हा बोलावं लागलं. कुणीतरी फिसकन हसलं. ताई म्हणाल्या, "ठीक आहे सर, ते लेबलचं बघा आधी." कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. माझे पाय मात्र केबिनपर्यंत जाईस्तोवर थरथरत होते. छत्तीस तास जागताना कधी थरथरले नव्हते.

डिसेंबरच्या सुरुवातीला पहाटे पावणेतीनला फोन वाजला. तिसऱ्या शिफ्टचा लीडर. "सर, एक वाईट बातमी आहे." घासलेल्या टूलमुळे काही नगांवर बर, म्हणजे कडेला खरखरीत धार, राहिल्याचा संशय, आणि संध्याकाळच्या ट्रकमध्ये त्यातले काही गेलेले असू शकतात. नक्की किती, माहीत नाही. जुना मी असतो तर आधी त्याला झापलं असतं, मग सकाळी चुपचाप दोन माणसं ग्राहकाच्या गेटवर पाठवून 'रूटीन चेक' म्हणून माल वेगळा करवला असता. केलेलं आहे मी हे, पूर्वी, एकदा नव्हे. या वेळी सहाला ग्राहकाच्या क्वालिटीवाल्यांना स्वतः फोन केला: लॉट नंबर हे, संशय हा, नक्की आकडा अजून नाही, माणसं निघाली आहेत, माल लाइनीवर घेऊ नका. ते भडकले. मनसोक्त भडकले. तासाभरात आमची चार माणसं त्यांच्याकडे सॉर्टिंगला बसली. नऊ नग सापडले. लाइन थांबली नाही. डेबिट नोट आली, सॉर्टिंगच्या खर्चाची. पुढच्या आढावा बैठकीत त्यांनी त्याबद्दल चांगला शब्द काढला असता तर गोष्टीला शोभलं असतं, पण काढला नाही.

जानेवारीत शेवटची तिघांची बैठक. साहेबांनी हिशेब मांडला: रिजेक्शन चढून आता पूर्वीच्याही खाली आलं होतं, गेल्या आठ गुरुवारांपैकी पाच मी घरी होतो, सेटरला असिस्टंट मॅनेजर करायचा प्रस्ताव होता. साहेबांना मॅडमकडून ऐकायचं होतं की हे कोचिंगमुळे झालं. मॅडम म्हणाल्या, ते यांनाच विचारा. मी म्हणालो, काही टूलच्या नव्या सप्लायरमुळेही झालं असेल. ते खरंही होतं.

बाहेर पडताना, जिन्यात, त्यांनी चौथ्यांदा विचारलं.

मी त्याच संध्याकाळी एचआरकडून जुना नंबर काढला. गाडीत बसून लावला. उचलला त्यानंच. नाव सांगितल्यावर एकदम सावध आवाज: "सर, रेफरन्स चेक आहे का काही?" तो आता रांजणगावला आहे, सीएमएम चालवतो, माप घेणारं मशीन. लग्न झालंय. मी घोकून ठेवलेलं बोललो: त्या दिवशी सगळ्यांसमोर तुला तसं बोलायला नको होतं, चूक माझी होती, उशिरा सांगतोय. तो "असू द्या सर, जुनं झालं" म्हणाला. मला हलकं वाटलं. फोन ठेवणार होतो.

मग तो म्हणाला, "पण सर, मी सांगितलं होतं तुम्हाला."

"काय?"

"त्या रात्री. गेज नाटक करतंय म्हणून. मास्टर रिंग लावली की काटा दर वेळी वेगळा यायचा. म्हणून शीटवर सही नव्हती केली मी. तुम्हाला सांगायला आलो तर तुम्ही डिस्पॅचच्या फोनवर होतात. असा हात केलात." त्यानं हात कसा केला ते फोनवर दिसलं नाही, पण मला दिसला. माशी हाकलावी तसा. "हवेच्या फिल्टरच्या वाटीत पाणी दिसत होतं सर. पावसाळा होता ना. नंतर बदलला असेल तुम्ही फिल्टर."

एअर गेज हवेच्या दाबावर माप दाखवतं. हवेतून तेलकट पाणी येऊन नोझल थोडं जरी बुजलं, तरी भोक आहे त्याहून लहान दिसतं. सेटर ते बघून ऑफसेट देतो, म्हणजे मशीनचं माप सरकवतो, आणि भोक मोठं होतं. बारा मायक्रॉन होतं. मी डिप्लोमावाला माणूस आहे. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. विचारायची होती.

मी गाडीतून उतरून परत आत गेलो. मशीन तेच, गेज तेच. मागच्या बाजूला वाकून मोबाइलचा टॉर्च मारला. फिल्टरच्या वाटीत बोटभर पाणी होतं, वर तेलाचा पातळ तवंग. तपासणीच्या शीटवर एकवीस मुद्दे आहेत. वाटीतलं पाणी काढण्याचा मुद्दा त्यात नव्हता, कारण आमच्या रिपोर्टप्रमाणे दोष ऑपरेटरचा होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, ग्राहकानं क्लोज केलेला अडीच वर्षांपूर्वीचा रिपोर्ट उकरून काय मिळणार? मी म्हटलं, मिळणार काही नाही, पण वाटीत पाणी आहे. त्यांनी मान हलवली, नाही म्हणाले नाहीत.

क्वालिटीतल्या ताईंनी जुनी फाइल काढून दिली. मूळ कारणाच्या रकान्यावर मी एक आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: हवेच्या फिल्टरमध्ये पाणी, ऑपरेटरने वेळेवर कळवले होते, प्रॉडक्शन मॅनेजरने ऐकले नाही. ताईंनी चष्मा वर करून वाचलं. मग विचारलं, "तारीख कुठली टाकायची सर? तेव्हाची का आजची?"

"आजची," म्हटलं, आणि सही केली.